बाबांची चावी

वर्सोव्याला मढच्या बोटीच्या रांगेत दोघे मित्र माझ्या पुढे उभे होते.

"नितेश, अजून एक स्विस घड्याळ घेतलंस म्हणे?"

"झकास आहे रे इसिडोर. मागून काच आहे, आतली चक्रं फिरताना दिसतात. चावी देता येते, पण द्यायला नको, हात हलला की चालतं."

"मग घातलं का नाहीस?"

"घातलं की चालूच राहतं ना. म्हणून घरी ठेवून बंद पडू देतो."

"येडा झालास काय?"

"बाबा गिरणीत होते तेव्हा सकाळी चहा झाला की घड्याळाला चावी द्यायचे. आता हे बंद पडलं की त्यांच्या हातात देतो."

"चावी लागत नाही, हे सांगितलं नाहीस त्यांना?"

"नाही. चावी देऊन झाली की माझ्या लहानपणी लावायचे तसंच, अजूनही घड्याळ आधी माझ्या कानाला लावतात."