शंभरात चार

...नाही, पण मला एक सांगा, नकार द्यायचा एवढा अभिमान कुणाला असतो का हो? दुकानदार सांगतो, आमच्याकडे गिऱ्हाइकांची रीघ लागते. डॉक्टर सांगतात, एवढे पेशंट बरे केले. आणि हा निवासी शाळेचा कारकून, खिडकीतून मान बाहेर काढून, चेहऱ्यावर नवरदेवाचं तेज, सांगतो काय, तर म्हणे चारशे अर्ज आणि सोळा जागा, शंभरात चार घेतो आम्ही, बाकीचे परत! परत! जशी काही पोरं नव्हेतच, मापात न बसलेल्या चपला!

ऐकून मला घाम फुटला. ताईला मात्र, तुम्हाला सांगतो, हायसं वाटलं. शंभरात चार म्हणजे आपली कसली लागतेय, असं ती पुटपुटली आणि खुशाल बाकावर टेकून बसली.

कारण तिला लेकीला पाठवायचंच नव्हतं! माझी ताई ड्रायव्हिंग स्कूल चालवते. एकच गाडी, शिकवणारीही एकटीच. त्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो, पाहिलाय ना? तर ताई संसारातही त्याच सीटवर बसते. चालवा तुम्ही, पण पाय तिचा ब्रेकवर. भाऊजी बोटीवर असतात, वर्षातला निम्म्याहून जास्त काळ पाण्यात. म्हणजे घरात दोघीच, ताई आणि माझी भाची. भाचीला आम्ही ठिणगी म्हणतो. पाचवी झाली नाही तोच हिनं आईच्या गाडीचं बॉनेट उघडून आत डोकं घातलं, ते अजून बाहेर काढलेलं नाही. त्या शाळेत मुलांना खरंखुरं इंजिन खोलू देतात, एवढं कुठूनतरी तिच्या कानावर आलं, आणि झालं! उठता बसता तेच. ताईनं ओळखलं की ‘नको’ म्हटलं तर पोरगी आयुष्यभर ऐकवील. म्हणून म्हणाली, दे बाई परीक्षा. नापास झाली की परस्पर काम होईल म्हणून! आणि कार्टी लेखी परीक्षा पास झाली की हो.

मग मुलाखत. आईवडील दोघं लागतात. भाऊजी समुद्रात, तेव्हा वडिलांच्या जागी मामा चालेल, असं शाळेनं कळवलं. मी चष्म्याच्या दुकानात काम करतो, दिवसभर लोकांना ‘आता कसं दिसतंय’ एवढंच विचारतो, मला मुलाखतीतलं काय कळतंय? शेजाऱ्याचा कोट घालून गेलो. बाहेर व्हरांड्यात काय एकेक आईबाप! एक आई पोराच्या केसांवरून पाण्याचा हात फिरवत राजधान्या म्हणून घेत होती. एक वडील मुलाला हसायला शिकवत होते, ‘एवढं नको, दात कमी, हां, आता धर तसंच.’ ते पोर बिचारं तसंच धरून अर्धा तास बसलेलं! शंभरात चार यायचं तर दातसुद्धा मोजून दाखवावे लागतात.

आम्हाला आत बोलावलं. मुख्याध्यापिका बाई पिकल्या केसांच्या, आवाज एकदम हळू. हळू बोलणाऱ्या माणसाची मला जास्त भीती वाटते. त्यांनी ताईला विचारलं, मुलीबद्दल सांगा.

आणि ताईनं दिला ब्रेक दाबून!

म्हणाली, मॅडम, ही अंथरुणाची घडी घालत नाही. झोपेत बोलते. घरातला मिक्सर हिनं खोलला, शेजारच्यांची बेल खोलली, ती अजून आपली आपण वाजते. वर्गाच्या बाईंशी गणितावरून वाद घातला म्हणून हिला वर्गाबाहेर काढलं होतं, आणि चूक हिचीच होती! मी टेबलाखालून ताईच्या पायावर पाय दिला, तर तिनं माझाच पाय दाबला, सवयीनं. ठिणगी खाली मान घालून ऐकत होती. कान लाल.

पण तुम्हाला सांगतो, बोलता बोलता ताईचा आवाज फिरला. तिचा तिलाही पत्ता नाही. म्हणाली, चूक हिचीच होती, पण संध्याकाळपर्यंत बसून हिनं ती स्वतः शोधली. मग एकटी बाईंच्या घरी गेली, सांगितलं की तुमचं बरोबर होतं. मला न विचारता गेली. मिक्सर खोलला, तो जोडलासुद्धा. पूर्वी अडखळायचा, आता अडखळत नाही...

आणि थांबली. मुख्याध्यापिका बाईंनी विचारलं, ‘‘तुम्हाला हिला पाठवायचंय का?’’

‘‘नाही,’’ ताई म्हणाली.

ठिणगीनं मान वर केली, आईकडे पाहिलं.

‘‘पण तिला यायचंय,’’ ताई म्हणाली. ‘‘आणि घरात तिला पुरेल एवढं खोलायला आता माझ्याकडे काही उरलं नाही.’’

बाईंनी मान हलवली, पोरीला दोनचार प्रश्न विचारले आणि या म्हणाल्या. मला तर कुणी काही विचारलंच नाही. कोटाचं भाडं फुकट गेलं असतं, बरं झालं शेजाऱ्याचा होता!

निकालाचा फोन आला तेव्हा ताई भर चौकात. गाडी एक रिटायर्ड काका चालवत होते, त्यांचा तिसराच धडा. ताईनं फोन ऐकला आणि कचकन ब्रेक! काका गारठले, त्यांना वाटलं आपण कुणाला तरी उडवलं. मागे हॉर्नवर हॉर्न. एक ट्रकवाला उतरून भांडायला आला, तर ताई गाडीतून उतरली आणि त्यालाच सांगायला लागली, माझी मुलगी, शंभरात चार! तो ट्रकवाला आधी बघत राहिला, मग म्हणाला, अभिनंदन ताई, पण गाडी बाजूला घ्या. अन् काका स्टिअरिंग धरून रडतायत! त्यांना वाटलं, आपल्या हातून एवढं चांगलं काम झालं.

त्या दिवसापासून ताईचं हेच. इस्त्रीवाला, दातांचे डॉक्टर, चुकीचा नंबर लागलेला माणूस, सगळ्यांना शंभरात चार. डॉक्टरांना तर तोंडात कापूस असताना सांगितलं! आणि मी? मीही सांगतो हो. गिऱ्हाइकाच्या डोळ्यावर भिंग ठेवतो नि सांगतो, खालची ओळ वाचा, माझी भाची शंभरात चार.

पोहोचवायला गेलो तेव्हा ताईनं स्वतः हॉस्टेलच्या पलंगावर चादर घातली, चारही कोपरे खेचून. ठिणगी म्हणाली, आई, मी करीन, तू जा आता. ताई गेटपर्यंत नीट आली. तिथं वळली, पण परत गेली नाही. पाय उचलला होता तिनं, मी पाहिलं. परतताना गाडी मी चालवली. वाटभर तिचा पाय ब्रेकवर, पण दाबला एकदाही नाही.

घराच्या वळणावर म्हणाली, अरे, आजची रात्र तुझ्याकडेच राहते.

राहा म्हटलं. दोन महिने झाले. माझा मिक्सर कसा आवाज करतो ते सांगून झालंय, बायकोला गाडी शिकवून झालीय, माझ्या कपाटातला माझा कप्पा गेलाय, आणि रोज संध्याकाळी माझ्याच सोफ्यावर माझ्याच पाहुण्यांना शंभरात चार. काय करणार? आमच्याकडे ना लेखी, ना मुलाखत... शंभरात शंभर!