होडीचा इसार

गालुस : रविवारी आपल्या नातवाचा बाप्तिस्मा झाला, दोन हजार पंधरा साल जरा शांततेत जाईल म्हटलं, तर आज गुरुवारी तू ही बोंब घेऊन आलीस! रेडिओवाले चुकले असतील.

रेगुला : अरे, पुन्हा पुन्हा तेच सांगतायत! साडेतीन वर्षं आपल्या राष्ट्रीय बँकेनं युरो एक फ्रँक वीसच्या खाली जाऊ दिला नव्हता. आज सकाळी हात काढून घेतला. आता युरो आणि फ्रँक जवळजवळ बरोबरीत!

गालुस : आणि डॉलर? माझा साठवलेल्या डॉलरचा डबा?

रेगुला : डॉलर पडला, पौंड पडला. फ्रँकपुढे आज सगळेच आडवे. स्वित्झर्लंडात जन्मून फ्रँकवर विश्वास नसलेला तू एकटाच!

गालुस : अगं, फ्रँक युरोच्या दावणीला बांधलेला. म्हटलं, त्यापेक्षा मोकळी गुरं बरी.

रेगुला : सुटली ना गाय! आता सांग, पलीकडे कॉन्स्टान्सला तो जर्मन म्हातारा शिडाची होडी कितीला देतोय?

गालुस : आठ हजार युरो. तुझ्याकडे साडेआठ हजार फ्रँक. कालपर्यंत अकराशे कमी पडत होते... रेगुला! पुरतात!

रेगुला : उरतातसुद्धा. बूट घाल. समोरच्या पैशाच्या यंत्रातून युरो काढू.

गालुस : खिडकीतून बघ, केवढी रांग! सगळं गाव सीमेपलीकडे खरेदीला निघालंय. आणि टोपीवाला तो... मेल्क!

रेगुला : शेजारचा? त्यालाही तीच होडी हवीय!

गालुस : थांब, लोक परत फिरतायत. यंत्रातले युरो संपले वाटतं! गेली होडी. म्हातारा रोख युरोच घेतो, फ्रँकला हात लावत नाही.

रेगुला : तुझ्या युरोच्या डब्यात किती आहेत?

गालुस : पाचशे, पलीकडच्या खरेदीपुरते ठेवलेले. आज त्यांना कोण विचारतो?

रेगुला : मेल्क विचारेल! रांगेत उभा आहे, म्हणजे त्याच्याकडे एकही नाही. आत्ता इसार देऊन येऊ, बाकीचे सोमवारी.

गालुस : म्हणजे माझा डबाच कामाला आला! म्हण ना एकदा.

रेगुला : वाटेत म्हणते. मागच्या दारानं चल.

गालुस : वसंतात होडी पाण्यात उतरवली की मेल्कला पहिली फेरी मारून आणू. बिचारा.

रेगुला : आण. पण सुकाणू माझ्या हातात. आता टोपी घाल, तळ्यावरून वारा येतोय.

(गालुस २०१९च्या ऑक्टोबरात वारला. त्या हिवाळ्यात होडी दरवर्षीसारखी पाण्याबाहेर काढायची राहून गेली.)