पुढचा डबा

...आणि वर मलाच विचारते, "अक्का, गाडीचं पुढचं टोक कुठलं तेसुद्धा तुला कळू नये?" मला! अहो, तुम्हाला सांगते, मी पुढच्या डब्यात होते. होते म्हणजे होते! मोटरमनच्या खोलीला लागून जे बाक असतं ना, त्यावर बसून आले मी. तो भोंगा वाजवायचा तेव्हा माझ्या मांडीवरचा बिरड्याचा डबा थरथरायचा. याहून पुढे बसायचं म्हणजे रुळावरच बसायला हवं होतं!

ही विचारणारी कोण, तर माझी धाकटी बहीण, कुमुद. बत्तीस वर्षं मास्तरीण. आम्ही मूळच्या चौलच्या. वाडीला शिंपणं घालायला एक मुलगी घरात लागायची, ती मी. शाळेत गेली ती ती. ती ओटीवर कविता घोकायची आणि मी पाटाचं पाणी वळवता वळवता ऐकायचे, अन् तिच्याआधी माझी पाठ व्हायची. वाचायला शिकले ते तिच्या फाटक्या पुस्तकांवर, माझी मी. म्हणून सांगते, पुढचं-मागचं मला कुणी शिकवायला येऊ नये!

तर झालं काय... तिचा मुलगा यशोधन तिला परवा हैदराबादेस घेऊन चाललाय. कायमची. दादरचं घर बंद. मला म्हणतो, "मावशी, व्हिडिओ कॉल आहे ना!" आहे की. त्यात मला कुमुदचं एक नाक दिसतं आणि वरचा पंखा. ती चौऱ्याहत्तरची, मी अठ्ठ्याहत्तरची, आता कोण कुणाकडे जातंय हो? एकदा समोर बसवून बघायची होती, बस. दुसरं काही मागणं नव्हतं.

आणि नेमकी आमची गाडी थेट झाली! पूर्वी ती अलीकडच्या जंक्शनात यायची आणि संपायची. मग जिना चढा, जिना उतरा, दुसरी गाडी शोधा... माझ्या गुडघ्यांनी तीन वर्षांपूर्वीच हात जोडले होते. आता रूळ पुढे नेलेत, सरळ मुंबईच्या मोठ्या टर्मिनसात. आमच्या स्टेशनात बसायचं ते तिथेच उतरायचं. मी फोन केला, "कुमे, मी पुढच्या डब्यात बसते, तू पुढच्या डब्यापाशी उभी राहा." यात काही घोटाळा आहे? तुम्हीच सांगा!

उतरले. समोर रूळच संपलेले, पुढे भिंत. माणसं भराभरा निघून गेली. कुमुद नाही! लावला फोन.

"कुठे आहेस गो?"

"पुढच्या डब्यापाशी."

"मी पुढच्या डब्यापाशी आहे!"

"अक्का, मी इथे वीस मिनिटं उभी आहे. तू इथे नाहीस."

"तू इथे नाहीस!"

"नीट बघ."

"मी नीटच बघतेय, तू चष्मा लाव!"

"लावलाय!" म्हणाली, तोच मास्तरणीचा आवाज, बाकावर उभं करणारा. "हे बघ, तू हलू नकोस. आहेस तिथेच थांब."

"मी कशाला हलू? तूच हलू नकोस!"

आणि ठेवला की फोन दोघींनी!

आता हे 'हलू नकोस' तुम्हाला कळायचं नाही. चौलला दत्ताच्या जत्रेत आई आम्हाला न्यायची तेव्हा डोंगराच्या पायथ्याशी दोघींचे कान धरून सांगायची, "ठमे, कुमे, हरवलात तर जागा सोडायची नाही. रडायचं नाही, धावायचं नाही. मी येईन शोधायला." आणि यायची हो! एकदा मी पेढ्यांच्या दुकानापाशी उभी आणि कुमी पाळण्यापाशी. आईने आधी तिला उचललं, मग मला येऊन गाठलं. आम्ही दोघी तसूभर हललो नव्हतो. त्यामुळे ते डोक्यात बसलं ते बसलंच. मी उभी. डबा या हातातून त्या हातात, त्या हातातून या हातात. मनात म्हटलं, येईल ती, माझी काही चूक नाही, मी पुढच्या डब्यात होते!

पाऊण तास. मग काळ्या कोटातली एक मुलगी आली, तिकीट तपासणारी. छातीवर नाव होतं, वाचलं मी, कल्पिता.

"आजी, किती वेळ बघतेय तुम्हाला. कुणाची वाट बघताय?"

"बहिणीची. ती पुढच्या डब्यापाशी येणार होती."

"आजी, हा मागचा डबा."

"अगं, मी यातूनच आले, पुढे बसून!"

"आलात तेव्हा पुढचा होता. आता हीच गाडी परत जाणार, म्हणून मागचा झाला. टर्मिनसमध्ये गाडी वळत नाही, आजी. मोटरमन उठतो आणि त्या टोकाला जाऊन बसतो."

घ्या! होडी वळते, बैल वळतो, रिक्षा तर कुठेही वळते, आणि एवढी मोठी गाडी वळत नाही? म्हणजे मी बरोबर, कुमीही बरोबर, आणि मध्ये बारा डबे!

आणि तेव्हा, तुम्हाला सांगते, एकदम ध्यानात आलं. आई जाऊन एकोणतीस वर्षं झाली. दोन म्हाताऱ्या दोन टोकांना शहाण्यासारख्या उभ्या, हलायचं नाही म्हणून... आणि शोधायला येणार कोण?

निघाले. आयुष्यात पहिल्यांदा जागा सोडली मी! एकेक डबा मोजत, फलाटाच्या खांबांना हात टेकत. सहाव्या डब्याशी पाण्याच्या नळापाशी बघते तर समोरून कुमुद, काठी टेकत, एक हात कमरेवर. तीही निघालेली! कुणा हमालाला विचारलं होतं म्हणे, पुढचा डबा कुठे येतो, आणि त्याने सुटणाऱ्या गाडीचा दाखवला.

"तू का हललीस गो?" मी म्हटलं.

"तू का हललीस?" ती म्हणाली. आणि नळापाशी उभ्या राहून दोघी अशा रडलो की एका बाईने आम्हाला बिस्किटं दिली.

तिला उभं राहवेना. गाडी समोरच उभी होती, म्हटलं, आत बस जरा. वाल सोलून केलेलं बिरडं, भाकरी, सोडला डबा. ती एकेक वाल बोटाने चेपून खात होती, लहानपणी खायची तशी. बोलता बोलता गाडी सुटली. मला कळलं. तिला म्हणे कळलं नाही! बत्तीस वर्षं घंटेवर जगलेली बाई, आणि गाडी सुटलेली कळली नाही... मीही आपली तिच्या पुढ्यात भाकरी वाढली.

आत्ता माझ्याकडे आत निजली आहे, माझं लुगडं पांघरून. यशोधनचे फोनावर फोन. "मावशी, परवाचं विमान आहे, आईला उद्या पोचव गं." पोचवते, बाबा. सकाळचीच गाडी आहे. पूर्वी कसं, जंक्शनात बदलताना पुढची गाडी हटकून चुकायची. आता मेली थेट जाते. चुकायचीसुद्धा सोय ठेवली नाही!