शिंप्याचा रविवार

दाताच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक शिंपी आणि त्याची बायको बसली होती. मी पुस्तक उघडलं होतं, पण पान काही उलटत नव्हतं.

“त्या मोठ्या दुकानाचा फोन येईल. काय सांगणार?” बायकोने विचारलं.

“आपल्याकडे हल्ली गिऱ्हाईक फिरकत नाही, हे खरं. पण ते रविवारीही कामाला या म्हणतात. प्रभूच्या दिवशी मी सुईला हात लावत नाही.”

“हात लावत नाही. उपदेश चालू असताना पुढच्या माणसाची कॉलर मनातल्या मनात उसवत असता.”

“तिरकी होती गं.”

“बाकीचे जातातच की रविवारी कामाला. देव रुसलाय त्यांच्यावर?”

“त्यांचं ते बघतील. एक दिवस मशीन थांबलं, की मी कोणाचा आहे ते मला आठवतं.”

“आणि चर्चमधून आल्यावर तुम्ही पाय पसरता, तेव्हा गॅसपुढे कोण असतं?”

“तू.”

“मग मी कोणाची, ते मला कधी आठवायचं?”

“शनिवारीच स्वयंपाक करून ठेवू. भाज्या मी चिरतो.”

“टेपने माप घेऊन चिराल.”

फोन वाजला. त्याने बायकोकडे पाहिलं.

“घ्या. जमणार नाही म्हणून सांगा. आणि म्हणावं, आमच्या घरी रविवारी दोघंही सुट्टीवर असतात.”