कोंबड्यांचं अंथरण

अमेरिकेत, अल्फारेटातल्या शेतीसामानाच्या दुकानात अपर्णा रांगेत उभी होती. पुढच्या दमलेल्या जोडप्याच्या कार्टमध्ये वाळवलेल्या कॉफीच्या चोथ्याची मोठी गोणी होती, आणि भांडण मराठीत चाललं होतं.

“आसावरी, खुराड्यात घालायला भुसा काय वाईट होता?”

“भुसा सारखा बदलावा लागतो, ऋषी. हा चोथा ओल शोषतो, वासही मारत नाही. सहा महिने बघायला नको.”

“सहा महिने? माझा जॉब गेलाय. व्हिसाच्या नियमाने एकोणतीस दिवसांत आपल्याला हा देश सोडायचाय.”

“माहितेय रे.”

“मग छोटी पिशवी घे ना.”

“कोंबड्या कुठे येताहेत आपल्याबरोबर? शेजारच्या डोरोथी आजी ठेवून घेताहेत त्यांना.”

“हो म्हणाल्या?”

“कालच. दाणापाणी करीन म्हणाल्या, पण वाकून खुराडं साफ करणं आता जमत नाही त्यांना.”

ऋषीने कार्टमधली गोणी एका बाजूला सरकवून जागा केली.

“तू रांगेत थांब,” तो म्हणाला. “मी अजून एक घेऊन येतो.”

अपर्णाने आपली कार्ट मागे ओढून त्याला वाट करून दिली.