बाबल्याचा वाटा

छप्पन-सत्तावनची गोष्ट सांगतो. मुंबईला वकिलीच्या परीक्षेत मी 'इक्विटी', म्हणजे कायद्यातली न्यायबुद्धी, या एका शब्दावर नापास झालो. सगळ्यांना अगदी सारखं द्यायचं म्हणजे इक्विटी, असं मी पानभर लिहून आलो होतो.

तोंड पाडून मालवणला मामाकडे गेलो. मामाची रापण होती. म्हणाला, "बसान काय करतंस? चल, दोर ओढूक." किनाऱ्यावरून जाळं ओढता ओढता माझ्या हाताला फोड आले आणि मी अर्ध्यातच वाळूत जाऊन बसलो.

जाळं वर आलं. बांगडा भरपूर होता. मामाने वाळूवर वाटे घातले. पाहतो तर माणसांपेक्षा एक वाटा जास्त.

"मामा, हो कोणाचो?"

"बाबल्याचो. आमच्याच रापणीतलो. तेचो पाय मोडलो, घराक पडान आसा."

मी एकदम कोर्टाच्या मराठीत शिरलो. "पण त्याने दोराला हातही लावलेला नाही. ज्याने ओढलं त्यालाच मिळायला हवं. नियम सगळ्यांना एकच."

मामाने शांतपणे माझ्याकडे पाहिलं. "बरां. मगे तू दोर खंय सोडलंस ता सांग. तुझो वाटो थंयसून कापतंय."

सगळे हसायला लागले. वाटा मात्र मला पूर्ण मिळाला, आणि बाबल्याचा मीच त्याच्या घरी पोचवला.

पुढच्या खेपेला परीक्षेत तोच प्रश्न आला. मी रापणीचं उदाहरण दिलं आणि पास झालो. उत्तरात बाबल्याचा पाय लिहिला. माझे फोड तेवढे लिहिले नाहीत.