तातीचा आवाज

न्हाय रे बाबा, नायलॉनचं नाव या ओटीवर काढू नकोस. बस, बस — उठतोस कशाला? रागावले न्हाय मी. पेणहून एसटीत हाडं खिळखिळी करून श्रीवर्धनपर्यंत आलास आणि विचारतोस काय, तर खाला, माझ्या ऊदाला तात लावू की नायलॉन! बकऱ्याच्या आतड्याची तात वळणारी बाई मी, मी काय सांगणार तुला? आणि अब्दुस्समदचाचांनीच, म्हणजे आमच्या यांनीच, पाठवलं म्हणतोस ना? मग झालं तर. येतीलच ते इतक्यात, असरची नमाज पढायला गेलेत. राहुल ना रे नाव तुझं? चहा टाकलाय, पिऊन जा. मस्कतहून लोक सोनं आणतात, टीव्ही आणतात, आमच्या यांनी काय आणलं, तर हा ऊद, हे फुगीर पोटाचं तारांचं वाद्य! सगळी आळी हसली होती. मी पण हसले, खोटं कशाला बोलू.

वळते कशी? ऐकवेल का तुला? बकरी ईदला कुर्बानी झाली की घरातल्यांचं लक्ष कलेजीकडं आणि माझं आतड्यांकडं. विहिरीवर धुवायची, राखेच्या पाण्यात भिजवायची, बांबूच्या कामटीनं खरवडायची — तो वास, तोबा! माझी नणंद हफ्सा नाकाला ओढणी लावून दारातूनच परत जाते. मग ओली असतानाच पीळ द्यायचा आणि वाडीत दोन पोफळींच्या मध्ये ताणून बांधायची. ईद पावसात आली तर चुलीवर, धुराला. आणि पीळ एकट्या माणसाला देता येत न्हाय हां — एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला हे. आता तुला सांगायला हरकत न्हाय, तू माझ्या पोराच्या वयाचा. लग्न झाल्यापासून हा माणूस मस्कतला. नवरा म्हणजे फोनमधला आवाज, नायतर सुट्टीतला पाहुणा. पोरं मी वाढवली, वाडी मी शिंपली, सासूचं दुखणं मी काढलं. कायमचे परत आले तेव्हा दोघं जेवायला बसलो की बोलायचं काय, हाच प्रश्न — हसतोस काय? खरं सांगतेय. एकदा ऊदाची तार तुटली. श्रीवर्धनात कुठली मिळायला? माझे बाबा पिंजाऱ्यांना कापूस पिंजायच्या धनुकलीसाठी तात वळून द्यायचे, ते मला आठवलं. वळली. यांनी लावली, छेडली, आणि माझ्याकडं बघतच राहिले — लग्नात सुद्धा बघितलं नव्हतं तसं. तैयबा, हाच खरा आवाज, म्हणाले. तेव्हापासून दर ईदला. आमचं दोघांचं म्हणून जे काय हाय ना, ते एवढंच.

खोड? हाय की, तातीला खोड हाय. पावसात सैल पडते, सूर धरत न्हाय. आमच्याकडची हवा कसली — बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, तिथं आतड्याचं काय! म्हणून पाऊस लागला की मी शिवलेल्या पिशवीत घालून ऊद खुंटीला. सगळा पाऊस हे हात लावत न्हायत. शारिककडं कॅरम खेळायला जातात. शारिक म्हणजे यांचा मस्कतचा दोस्त, जेट्टीवर बोटींची मशीनं दुरुस्त करतो.

काय? तुझ्या मोबाइलवर यांचं वाजवणं हाय? आणि आत्ता सांगतोस! लाव, लाव. तुला असाच आवाज पायजे म्हणून तू तात घ्यायला आलास? बघ, म्हणजे कान हाय तुला... अगो बाई, बोलतायत पण! "ही माझ्या बायकोनं वळलेली तात" — ऐकलंस? लोकांसमोर म्हणाले! घरात कधी तोंडातून चांगला शब्द —

थांब. मागं घे जरा. ही खडखड कसली मागं? पाऊस हाय. पत्र्यावर पाऊस पडतोय, चांगला धो धो. कधीचं हे? गेल्या श्रावणातलं? नक्की? तू स्वतः होतास समोर? हूं. आणि एकदाही थांबून खुंटी पिळली न्हाय. सूर जागचा हलला न्हाय, भर श्रावणात. हा तातीचा आवाज न्हाय बेटा. तातीला जरा खरखरीत घसा असतो, हा आवाज घासलेल्या ताटासारखा लख्ख हाय. आणि आमचा ऊद तर तेव्हा आतल्या खुंटीवर होता. मग हा कुठला? शारिकच्या माळ्यावरचा? तिथंच शिकवतात तुला? त्याच्या तारा कशा हायत — काचेसारख्या, चकचकीत? अरे नवशिक्या, ती नायलॉन! तुला तात म्हणून सांगितलं आणि तू ऐकलंस. मी पण ऐकलंच की.

दुसरा ऊद! दुसरी बायको केली असती तर अख्ख्या श्रीवर्धननं धावत येऊन मला सांगितलं असतं. याचं कुणी बोललं न्हाय! म्हणून घरात दोन सूर छेडले की बोटं दुखतात म्हणायचे. आणि मी खुळी, खोबरेल कोमट करून चोळत बसायची. अरे, एक शब्द बोलायचा होता — तैयबा, मला नायलॉन आवडतं. काय केलं असतं मी? दोन दिवस तोंड फुगवलं असतं आणि त्या घाणीतून सुटले असते. पण न्हाय. दर ईदला समोर उभं राहून पीळ देतात, माझ्याकडं बघून हसतात. मला वाटायचं, आम्ही दोघं मिळून काहीतरी करतोय. तो माणूस माझी समजूत घालत होता, पोरीला भातुकली मांडून देतात तशी. मला बरं वाटावं म्हणून केलं असणार, मला कळत न्हाय का? त्याचाच तर संताप येतो. वाईट मनानं केलं असतं तर कडाकडा भांडले असते. आता भांडू कशावरून? फसवलं मला. माझ्याच घरात, माझ्याच हातातली तात धरून फसवलं.

फाटक वाजलं. आले.

चहा राहू दे, ऊठ तू. तुला? तू नायलॉन घे. हो हो, मीच सांगतेय. जो आवाज ऐकून आलास तो नायलॉनचाच हाय, उगाच माझ्या तातीत पैसे घालू नकोस. आणि पुढून जाऊ नको, मागनं वाडीतून जा, विहिरीकडं वाट हाय. का म्हणजे? मी आता ऊद यांच्या मांडीवर ठेवणार आणि विचारणार. तेव्हा यांचं तोंड कसं होईल ते परक्यानं बघायचं न्हाय. माझा नवरा हाय तो. जा म्हटलं ना तुला.